आतोबांची जाळरेषा

सरकारी परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या आत्येचा नवरा आहे. वणवे रोखण्यासाठी सरकारने काय काय ठरवलंय ते आतोबांना तोंडपाठ. लग्नात ते मांडवाबाहेर उभे राहून विडीवाल्यांच्या काड्यापेट्या जप्त करतात आणि परत देताना प्रत्येकाला एकेक कलम ऐकवतात. गवत जाळलं की पुढच्या साली ते जोमाने येतं, असं मानणाऱ्या आमच्या गावाला हा माणूस म्हणजे शिक्षाच. "आजा जाळायचा म्हणून तू जाळतोस? मग आज्यासारखा पहाटे उठून नांगर धर की," असं त्यांनी एकाला भर सभेत सुनावलं होतं. तो बिचारा अजून त्यांना बघून रस्ता बदलतो.

त्यांचा सगळा जीव अडकला होता एका जाळरेषेत. सड्यावरचं, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळ-पठारावरचं, गवत पेटलं की आग उतरून थेट वाडीच्या आंब्या-काजूच्या बागांत शिरायची. मध्ये गवत, सुका पालापातेरा, झाडं सगळं काढून रुंद पट्टा उघडा ठेवला, तर ती तिथेच थांबते. योजना सरकारची, फक्त सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती हवी. आता आमच्याकडच्या सातबाऱ्यावर जिवंत माणसं कमी आणि वारस न लावलेले पूर्वजच जास्त. मुंबईकरांच्या सह्या आतोबांनी गणपतीत, आरती चालू असताना घेतल्या. उरले मयत. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. आतोबांनी गुरवाला गाठलं आणि ग्रामदेवीपुढे एकेका मयताच्या नावाने कौल लावायला बसवलं. देवीला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं की संमती. "पणजोबा हो म्हणतायत, लिही," असं ते मला सांगत आणि मी इमानदारीत लिहून घेई. एका चुलत आजोबांचं फूल तीनदा डावीकडे पडलं. "जिवंतपणी पण असाच आडवा होता," म्हणत आतोबांनी त्यांच्या नावाने नारळ कबूल केला, तेव्हा कुठे ते वळले. शेवटी गुरवच वैतागला. "भाऊ, आता पुरे. देवीच्या नैवेद्याची वेळ झाली हाय."

तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

"साक्षीदार म्हणून देवीचं नाव आहे."

"मग? तुमच्याकडे तिच्यापेक्षा मोठा कोण हाय?"

साहेब पोट धरून हसले. मग त्यांनीच वाट सांगितली: हयात वारसांच्या सह्या घ्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. पंधरा दिवसांत काम झालं.

रेषा आखली, तेव्हा आतोबांनी आधीच ताडलं होतं तशी ती नेमकी त्यांच्या बागेच्या वरच्या कडेने गेली, आत्येने लावलेल्या काजूंच्या ओळीतून. आत्या जाऊन चार वर्षं झाली होती. तेवढा तुकडा आतोबांनी हौसेने तिच्या नावावर केला होता आणि ती गेल्यावरही ते नाव काढू दिलं नव्हतं. खालून कळशीने पाणी नेऊन तिने ती झाडं जगवली होती. साहेब म्हणाले, रेषा थोडी वळवू. पण वळवली तर शेजाऱ्यांच्या बागा उघड्या पडत होत्या. आतोबांनी वारस म्हणून सही केली आणि झाडं स्वतः उभं राहून तोडून घेतली. त्या दिवशी त्यांनी कुणाला एकही कलम ऐकवलं नाही.

मार्चमध्ये सडा पेटला. आग धडधडत रेषेपर्यंत आली, तिथे धुमसत राहिली आणि विझली. वाडीतली एक फांदीही जळली नाही. लोकांनी आतोबांची वाजतगाजत मिरवणूक काढायची तेवढी बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते मला त्या पट्ट्यात, तोडलेल्या एका बुंध्यावर बसलेले दिसले. मला त्यांची फार माया आली. शेजारी टेकून मी भलतंच विचारलं, "आतोबा, सगळ्या मयतांचा कौल लावलात, तेवढा आत्येचा राहिला, नाही?"

"राहिला नाय. लावला नाय," ते म्हणाले. "ती नको म्हणाली असती, तर मला तोडता आली नसती."