मरत्या पऱ्हाटीचा पहिला नंबर

मी एकदा मरत्या पऱ्हाटीला पहिला नंबर दिला होता. तोंडी नव्हे. ग्राफच्या कागदावर, काळ्या शाईनं, खाली माझी झोकदार सही करून. कपाशीचं एक वाण वावरात वाळून काड्या होत होतं आणि मी अकोल्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून त्याच्या वाढीचं कौतुक करत होते. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, "आजी, तू तर गणितात हुशार होतीस ना?" होते ना. हुशार नसते तर एवढी मोठी चूक इतक्या नीटनेटकेपणानं जमलीच नसती.

ही साठ सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हाची मी म्हणजे अमरावतीच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालू लागलेली बाई. चष्म्याखाली एक नाक होतं आणि दुसरं, न दिसणारं, चष्म्याच्याही वर होतं.

ते दुसरं नाक वाढायला माझ्या सासूबाई कारण. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. लग्न झालं तेव्हा माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. आम्ही छप्पन्नच्या साली बौद्ध झालेली माणसं. घरात देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली होती आणि तिच्याखालच्या फळीवर आत्याबाईंनी माझी पुस्तकं मांडली होती. त्यांनीच मला परत अमरावतीला धाडलं. वस्तीतल्या बाया टोमणे मारायच्या, "सून घरात आनली का कॉलेजात भरती केली वं?" आत्याबाई म्हणायच्या, "भाकरी थापता मले येतात. गणित नाई येत. म्हून थे तिच्याकडे देलं." आणि हिवाळा आला की स्वतः कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला जायच्या.

तर अशा बाईच्या जिवावर मी शिकले आणि शेती संशोधनाच्या एका सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या जागेवर लागले. जागा हंगामी. दिवाळीनंतर मला ठेवायचं की निरोपाचा चहा पाजायचा, हे साहेब ठरवणार होते. कचेरीत बाई अशी मी एकटीच. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेली सूनही मी पहिलीच. ती खुर्ची गेली असती तर माझं जे व्हायचं ते झालं असतं. पण त्या बायांपुढून आत्याबाई पाण्याला कशा गेल्या असत्या, हा विचार मला तेव्हाही टोचायचा.

साहेब पुण्याकडचे. आमच्या वऱ्हाडी बोलण्यानं पहिले काही महिने ते दचकत. शिपायानं "साहेब, तुमाले कोन्तरी बोलावून राह्यलं" म्हटलं की भांडण झालं समजून उभे राहत. पण मनाचे मोठे, आणि डोक्यात एक नवी कल्पना. तोवर वाणांची तुलना व्हायची ती शेवटी : कापूस किती निघाला, झाड केवढं झालं. साहेब म्हणायचे, "शेवट सगळ्यांनाच दिसतो हो बाई. झाड तिथवर कसं गेलं, ते मला बघायचंय."

त्यासाठी शेतावर प्रत्येक वाणाच्या तुकड्यात दहा झाडांना लाल चिंध्या बांधलेल्या. दर आठवड्याला त्यांची उंची मोजायची, सरासरी काढायची, कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की रेषा तयार होते. झाड आधी रांगतं, मग पळतं, मग दमून बसतं. म्हणून रेषाही आधी सपाट, मग चढाची, मग पुन्हा सपाट. तिचं समीकरण मांडायचं आणि लॉगॅरिदमची पुस्तिका नि हँडल फिरवायचं यंत्र घेऊन बसायचं. मग हाती येई ते असं : झाड कुठवर जाणार, किती वेगानं जाणार, आणि ऐन पळायचा काळ कोणता. ज्या वाणाचा पळायचा काळ पावसाची उघडीप पडायच्या आत उरकतो, ते आपल्या कामाचं.

हे साहेबांनी मला शिकवलं. कंटाळा न करता, हाताखालच्या माणसाला शिकवतात तसं नव्हे, बरोबरीच्याला समजावतात तसं. मी इतकी हरखले की घरी येऊन सगळ्यांच्या रेषा काढू लागले. धाकटा दीर म्हणे चढावर, नवरा वळणावर. आत्याबाईंना म्हटलं, "तुमची रेषा आता वरती सपाट झाली."

"मी सपाट झाली होय? ये इकडं, पाट्यावर मिरची वाट. मंग कोन सपाट होते ते पाहू."

शेतावरची मोजणी एक फील्डमन करायचा. पन्नाशीचा, तोंडात तंबाखू, बोलणं कमी. दर शनिवारी त्याचे कागद माझ्या टेबलावर येत. पोळ्यानंतर त्या कागदांत तिसऱ्या वाणापुढे काही ठिकाणी उंचीच्या आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ येऊ लागली. आधी एक, मग दोन, मग आणखी. मी काय समजले? माणूस कंटाळला, मोजायचा राहिला. मी रेघवाली झाडं सोडून दिली, जेवढे आकडे होते तेवढ्यांची बेरीज केली आणि तेवढ्यांनीच भागलं. वर फील्डमनला चिठ्ठी धाडली : "मोजणी अपुरी येत आहे. चुकारपणा करू नये." उत्तर आलं नाही. पुढच्या शनिवारी रेघा वाढल्या, एवढंच.

तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. कारण त्याच आठवड्यांत तिसऱ्या वाणाची रेषा अशी देखणी चढत गेली की बाकीची दोन वाणं तिच्यापुढे कुबडी दिसायला लागली. मी तिचं नाव "नवरी" ठेवलं होतं.

साहेबांनी नवरीचा कागद उजेडात धरून पाहिला. "सुरेख," म्हणाले. "सोमवारी वरची मंडळी येतायत. पुढच्या हंगामात कुठल्या वाणाचं बी वाढवून गावोगाव द्यायचं, ते ठरेल. निकाल त्यांना आजच कळवतो, आणि सोमवारी हा कागद सगळ्यात वर ठेवतो. तुमच्या जागेचं बोलायलाही हीच वेळ बरी." आणि कागदावर माझ्या सहीशेजारी त्यांनी आपली सही केली.

मी हवेत. रविवारी आत्याबाईंना म्हटलं, चला, तुम्हाला माझं काम दाखवते. म्हणजे बघा, मीही शेतावर जात होते ती पहिल्यांदाच! सबंध हंगाम पऱ्हाटीचं गणित केलं, पण पऱ्हाटी पाहायला जायचं काही सुचलं नव्हतं. आत्याबाईंनी धुवट लुगडं नेसलं, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "सूनबाईचं वावर पाहाले चालली," आणि आम्ही त्या बाजूला जाणाऱ्या बैलगाडीत बसून निघालो.

पहिलं वाण बरं होतं. दुसरंही बरं होतं. तिसऱ्यापाशी येऊन मी उभीच राहिले. तुकडा अर्ध्याहून जास्त उघडा. काळ्या जमिनीत वाळक्या काड्या, त्यातल्या काहींना माझ्या लाल चिंध्या. मधे मधे चार-दोन झाडं मात्र उंच, हिरवीगार, बोंडांनी लदलेली.

"कोन्ती वं तुही नवरी?" आत्याबाईंनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं.

"अवं माय! हे त वऱ्हाडच मेलं सारं."

फील्डमन तिथंच होता. मी त्याला जरा आवाज चढवूनच विचारलं, हे काय, हे मला का कळवलं नाही?

"कळोलं ना बाई. दर हप्त्याले रेघ मारली."

"रेघ म्हणजे मोजायचं राहिलं ना?"

"रेघ म्हंजे मेलं. मर लागली पऱ्हाटीले. मेलेल्याची उंची कशी घेऊ? उभी का आडवी?"

आत्याबाई आधी पदरात हसल्या, मग पदर सोडून हसल्या, मग बांधावर बसून हसल्या. मीही हसले असते, पण तेवढ्यात माझ्या डोक्यातलं यंत्र फिरायला लागलं. मर आधी किरट्या झाडांना लागली होती. किरटी गेली की राहिली ती उंच. मी भागत होते फक्त राहिलेल्यांनी. म्हणजे जितकी झाडं मरत होती, तितकी माझी नवरी उंच होत होती.

आजही कुठं शिकवणीवर्गाचा मोठा फलक दिसला, त्यावर हसऱ्या पोरांचे फोटो नि टक्के, की मी नातवाला विचारते, अरे, मधेच सोडून गेलेल्यांचे फोटो कुठं लावलेत? तो म्हणतो, आजी, तू फार खवचट आहेस. असेन. पण खवचटपणा मी त्या वावरात शिकले, फुकट.

परतताना गाडीत आत्याबाईंचं हसणं थांबलं. म्हणाल्या, "थे कागद उद्या मोठे सायब पाह्यतीन?"

"हो."

"अन् मंग हेच बी वाटतीन?"

"हो. आणि आता सांगितलं तर मला काढतील, आत्याबाई. साहेबांची सही आहे त्यावर. त्यांचंही हसं होईल."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, गप राह. माझ्या खुर्चीसाठी त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "पऱ्हाटी मेली त वेचाले कोन बोलावते वं? वावरवाल्याचं जाईन थे जाईन, पन आमा बायायची मजुरी त्याच्याही आंधी जाते. पुऱ्या गावातल्या बाया घरी बसतीन. तू खुर्चीवर बसजो मंग." एवढं बोलून त्यांनी गाडीवानाला गाडी जठारपेठेकडं घ्यायला लावली. साहेब तिकडं राहायचे.

साहेब ओसरीवर बनियनवर बसून सीताफळं खात होते. बियांचा ढीग पुढ्यात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रेघा, चिठ्ठी, भागाकार. माझ्या मागं आत्याबाई पायरीवर बसलेल्या, त्या घसा खाकरत होत्या.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "भागलंत कितीनं?"

"उरलेल्यांनी."

त्यांनी हातातलं सीताफळ खाली ठेवलं. मला वाटलं, आता संपलं. मग म्हणाले, "रेघा मीही पाहिल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही विचारलं असेल. तुम्हाला वाटलं, तो आळशी आहे. त्याला वाटलं, तुम्ही नि मी दोघं शहाणे आहोत. बसा. कागद आणतो."

मी धीर करून विचारलं, मेलेल्यांची उंची शून्य धरू का? ते म्हणाले, "नको, मग उंचीचंही खोटं होईल. हे दोन प्रश्न आहेत, बाई. उरलेली केवढी झाली, आणि उरली किती. दोन्ही रेषा शेजारी शेजारी काढा." त्यांच्या जेवायच्या टेबलावर मी नवा कागद पसरला. उंचीची रेषा पूर्वीसारखीच वर गेली. तिच्या बाजूला जिवंत झाडांची रेषा खाली खाली आली. दोन्ही एकत्र पाहिल्यावर कुणा लहान मुलालाही कळलं असतं. साहेबांच्या बायकोनं आत्याबाईंना आत बोलावून चहा दिला. आपल्याच कपातून, आपल्याबरोबर बसवून. त्या काळी आम्हाला असा चहा सगळ्या घरांत मिळत नसे. त्या चहाबद्दल आत्याबाई पुढं कितीतरी वर्षं बोलत राहिल्या, आणि मी अजून बोलते आहे.

सोमवारी वरच्या मंडळींपुढं साहेब माझं नाव घेतील म्हणून मी दाराआड जीव मुठीत धरून उभी होते. एका जाड मिशीवाल्यानं विचारलंच, आधी कळवलं होतं ते वेगळं होतं, ही चूक कोणाची? साहेब म्हणाले, "पहिल्या कागदावर सही माझी होती. दुसरा कागद मात्र या बाईंच्यामुळं आला." झालं, एवढंच. तिसऱ्या वाणाचं बी वाटायचं थांबलं. त्यातली जगलेली चार-दोन झाडं तेवढी निराळी राखायला सांगितली. ती का जगली, ते पुढं बघू म्हणून.

फील्डमनची मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या बाई, थे चुकारपनाची चिठ्ठी वापस घ्या. माहा पोरगा सगळ्यायले वाचून दाखोते." मी ती परत घेतली आणि दोघांनी मिळून ठरवलं : यापुढं मेलेल्या झाडापुढं "मेलं" असं अक्षरात लिहायचं.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी बोलावलं. मी निरोपाच्या चहाच्या तयारीनंच गेले. ते म्हणाले, "तुमच्यासाठी लिहून पाठवलंय. दिवाळीनंतरही तुम्ही आहात. पण आता शनिवारच्या कागदांची वाट बघायची नाही. आठवड्यातून दोनदा शेतावर जायचं, स्वतः."

मी जवळजवळ धावतच घरी आले. आत्याबाई चुलीपुढं होत्या. एका दमात सगळं सांगितलं : ठेवलं मला, पण आता वावरात हिंडावं लागणार, उन्हातान्हात, दोनदा. वाटलं, त्या जवळ घेतील, निदान डोळे तरी पुसतील. त्यांनी तव्यावरची भाकर उलटली, परातीत आणखी एक मूठ पीठ ओढलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या :

"मंग उद्यापासून भाकर जास्त नेत जाजो. खुर्चीवर बसनारीले अर्धी पुरते, वावरात हिंडनारीले नाई पुरत."