बॉर्डरवरची शुगर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. सुमनजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. तुमच्याजवळ तरी कसं बोलू?

निवृत्त झाल्यावर ऑफिसचा विमा तोकडा वाटायला लागला, म्हणून त्यावर दोघांसाठी पूरक विमा काढायला घेतला. कंपनीचा पहिला प्रश्न — आधीपासून काही आजार? अहो, साठी उलटलेल्या माणसाला आजार नसणार, तर काय दुधाचे दात असणार? खरं सांगावं तर एक तर नकार, नाहीतर जादा हप्ता, आणि वर त्या आजारासाठी तीन वर्षं थांबा! डोकंच फिरलं माझं.

सुमनला तेव्हा बारा वर्षांचा मधुमेह. आमच्याकडे त्याला 'शुगर जरा बॉर्डरवर' म्हणतात — दोन वेळा गोळ्या, तरी बॉर्डरवरच! कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला तेव्हा ती भाजी आणायला गेली होती. मीच उचलला. म्हणालो, "काही नाही हो, ठणठणीत आहे."

आता तुम्ही म्हणाल, एवढं तर सगळेच करतात. थांबा — ते नाहीच सांगायचं मला.

चार वर्षांनी तिच्या पायाची जखम चिघळली. सदाशिव पेठेत दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, तिनं सरळ सांगितलं — सोळा वर्षं झाली शुगरला. झालं! आजार लपवला म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला. आधीच खरं सांगून विमा मिळाला असता, तर ती तीन वर्षं केव्हाच सरली असती. कळतंय ना, केवढा मूर्खपणा?

आणि मी काय केलं? पाय बांधून पडलेल्या बायकोवर ओरडलो. "मी बॉर्डरवर सांगितलं होतं त्यांना! तुला सोळा वर्षं बरळायची काय गरज होती?"

धादांत खोटं. मी तर 'ठणठणीत' म्हणालो होतो. ती रडली नाही. "चुकलंच माझं," म्हणाली. आणि मी — मी ते तसंच राहू दिलं. मुलीलाही ती तेच सांगते, "माझ्याच तोंडामुळे विमा गेला गं." मी शेजारी बसून ऐकतो.

आता डॉक्टरांकडे ती बोलतच नाही. "ह्यांना विचारा," म्हणते. दुसऱ्या पायाला मुंग्या येतात तिच्या, सारखी चोळत असते. परवा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पायाला काही त्रास?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "सांगू?"

मी हो म्हणालो. तेवढंच म्हणालो.