भारावणे म्हणजे काय?

आजी बोलून राहिली, ओळखलं का? का मोबाईल बदलला तेव्हा मलेही पुसून टाकलं? हे शेजारच्या मास्तरीणबाई लिहून राहिल्या.

आज सकाळी त्यांनी आपल्या सुमितची पोस्ट वाचून दाखवली, "वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भारावून गेलो." मी घाबरलीच. पुण्याच्या हापिसात पोराले भारा कोणं उचलाले लावला?

बाई हसल्या. "आजी, भारावणं म्हणजे मन इतकं भरून येणं की बोलवत नाही."

मले पंच्याहत्तर सालचं आठवलं. मोहाडीच्या वावरातून कापलेल्या धानाचा भारा डोक्यावर घेऊन मी खळ्यावर आली. रोज तुमचे आजोबा भारा उतरवून घेत. त्या दिवशी ते भंडाऱ्याले गेले होते. एकटीनं खाली टाकला असता तर धान झडलं असतं. ते येतपर्यंत मी तशीच उभी राहिली.

आता ते नाहीत, घरात कोणीच नाही. पोरांनो, मीबी रोज भारावते. उतरवाले कोणाले बोलावू?

बरं, संत्र्याची बर्फी पाठवा. चिवडा नको, दात पडले. अन् पार्सल करू नका, कोणीतरी हातानं आणून द्या.