तासाबाहेरचं गंगाफळ

प्रणाली, हातातलं काम बाजूला ठेव आणि जरा जवळ सरून बैस. रागवायचंय मला तुझ्यावर. माझ्या भाच्याशी लग्न करून तुला वर्ष होत आलं, आणि अजून तू मेडशीच्या पुढे येऊन आमचं गाव पाहिलं नाहीस! तुझे मामेसासरे तुला ठाऊक आहेत ते फक्त कानापुरते. व्हिडिओ कॉल लावला तरी फोन कानालाच धरतात, मग तुला पुण्यात दुसरं काय दिसणार? असा माणूस फोनमधून कळत नसतो गं. तो परसात कळतो. आणि परसात सध्या असं काही चाललंय की माझा पाय घरात ठरत नाही. म्हणून तर लिहायला बसले.

सकाळी उठले की चहाच्या आधी यांना सुतळी लागते. दोन खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, मग एक डोळा मिटून, उकिडवं बसून त्या सुतळीवरून बघत राहायचं. सारा जन्म पेरणीची तिफन धरली ना! यांनी पेरलेलं सोयाबीन उगवलं की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा, इतके तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, सरळ. गावातले लोक पहिला तास यांच्याकडूनच पाडून घ्यायचे. आता शेत मुलगा बघतो, पेरणी ट्रॅक्टरने होते. मग सरळ रेघेची ही सगळी हौस घेऊन हे आले घरामागे, माझ्या परसात. आणि तिथे तर कितीतरी वर्षांपासून मी होते!

माझं परस कसं, सांगू? न्हाणीच्या पाण्यावर अळू, अळवात गुलबक्षी, गुलबक्षीवर चढलेली चवळी. सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, मी मुठीने फेकते, पडेल तिथे उगवतो. भाजीला फोडणी दिली की धावत जायचं आणि हाताला येईल तो तोडायचा. हे कमरेवर हात ठेवून उभे राहतात.

"हे काय बाग हाय? हा त मेडशीचा बसस्टँड हाय. कोण कुठी उभं हाय, काई पत्ता नाही."

"मंग बसस्टँडावर मानसं राह्यतेच ना, का खुंट्या राह्यते?" मी म्हणते.

"ज्याची त्याची जागा पाह्यजे वं."

"त्यायनं शोधलीच हाय त्यायची जागा. तुमाले कायले विचाराव?"

असं रोज. यांचं बोट रेघेकडे, माझं बोट वेलाकडे. शेवटी यांनी परसाच्या मधोमध सुतळी बांधली. अर्धं तुझं, अर्धं माझं. यांच्या बाजूला वांगी आणि मिरच्या अशा उभ्या, जशी शाळेत प्रार्थनेला पोरं. एखादं रोप रेघ सोडून उगवलं की खुरपं हातात घेऊन त्याला आधी समजवायचे, "तासात ये बापा, तासात ये." ते काही येत नसे. मग उपटायचे. पण उपटताना तोंड असं करायचे, की मला हसू आवरत नसे.

आता गंगाफळाचं ऐक. पुण्यात तुम्ही लाल भोपळा म्हणता, तेच. माझं माहेर रिठदचं. आईच्या परसातलं गंगाफळ बसकं, अंगावर पांढरे पट्टे, कापलं की आतून केशरी. त्याच्या गोड पुऱ्या खाल्ल्या की पाहुणा जागचा उठत नसे. लग्नात आईने मला त्याचं बी दिलं, आणि ते ठेवायचं कसं तेही दिलं. ओलं बी शेणात कालवून गोवरी थापायची, ती भिंतीला मारायची. पावसाळ्यापर्यंत कीड लागत नाही. आई गेली, भावाने अंगणात सिमेंट केलं, म्हणजे ते बी राहिलं फक्त माझ्या भिंतीवर. दरवर्षी मी ती गोवरी मुद्दाम वेगळी लावते, इतरांच्या वर, वळचणीखाली.

आणि तिथेच घात झाला बघ. यंदा उन्हाळ्याच्या शेवटी मी पीठ मळत होते. हे बाहेर आंघोळीचं पाणी तापवत होते. चुलीतून आवाज आला, फट्. मग फट्, फट्! लाकूड असं वाजत नाही गं. मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले. भिंतीवर बघते तर खालच्या गोवऱ्यांच्या रांगा जशाच्या तशा, आणि वळचणीखाली नुसता गोल डाग.

"कोनती घेतली गोवरी?"

"थे वरची. एकटीच तासाबाहेर होती, म्हणून पयले थेच काढली. काहून?"

मी पिठाच्या हाताने तो डाग दाखवला, बस. यांना कळलं. चिमटा घेतला, निखारे बाहेर ओढले, राखेत बोटं घालून शोधत बसले. काळी टरफलं निघाली. त्या दिवशी यांनी थंड पाण्याने आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी नाही, चहा नाही, हे गायब! संध्याकाळी आले धुळीने भरलेले. एसटी बदलत बदलत रिठदला गेले होते. माझ्या भावाच्या घरी, त्याच्या शेजारी, शेजाऱ्याच्या शेजारी, सगळीकडे विचारून आले. कुणाकडे नव्हतं. वाटेत बाजारातून भोपळ्याच्या बियांचं एक चकचकीत पाकीट आणलं होतं, तेवढं माझ्यासमोर ठेवलं.

"हे थे नोहे, मले समजते," म्हणाले. "पन हात रिकामा कसा आनू?"

ते पाकीट मी अजून फोडलं नाही. पण तेव्हापासून माझ्याने यांना एक टोमणासुद्धा मारवेना, आणि टोमण्याशिवाय आमचं घर कसं सुनं सुनं वाटायचं.

मग पाऊस लागला. एका सकाळी मागच्या दारातून बघते तर हे वांग्याच्या वाफ्यात उकिडवे, हातात खुरपं, आणि समोर, दोन तासांच्या बरोब्बर मध्ये, जाड जाड दोन पानांचं रोप! अगं, ते पान मी झोपेतही ओळखेन! मागल्या साली चिरलेल्या गंगाफळाचा बियांसकट गाभा मी उकिरड्यावर टाकला होता, आणि तेच खत यांनी आपल्या लाडक्या वांग्यांना घातलं होतं. पण खुरपं हातात होतं ना यांच्या!  मी ओरडले, "थांबा! थांबा!"

मान न वळवता म्हणाले, "वरडू नोको वं. भेईन थे."

आणि उठले. खुंटी उपटली. सुतळी, प्रणाली, ती सुतळी यांनी त्या रोपाभोवती वळवली! ज्या माणसाने जन्मात वाकडा तास पाडला नाही, त्याच्या वाफ्यात रेघ रोपाला वळसा घालून गेली. वेल पसरू लागला तेव्हा चांगली फुलावर आलेली वांग्याची दोन झाडं स्वतःच्या हाताने काढली. मी म्हटलं, "अवो, वांगे त तासात होते." तर म्हणाले, "थे दुसरीकडं लागतीन. याले दुसरं घर नाही."

त्यानंतर काय सांगू! वेल कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला, तिथून कुंपणावर. हेच शेंडा हातात घेऊन त्याला वाट दाखवायचे. सवय जाते का? कुंपणावरचा वेल बघ, ओळंबा लावल्यासारखा सरळ नेलाय! आणि अळवाकडे निघालेला शेंडा मी मोकळा सोडलाय. माझ्या अर्ध्याला यांनी बोट लावलं नाही. प्रत्येक फळाखाली सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, गादी केली. सकाळी त्यांच्याशी बोलतात, मी न्हाणीतून ऐकते. "कूस बदल बापा, एकाच कुशीवर नोको झोपू."

पट्टे आलेत, गं! पांढरे, अगदी आईच्या परसातल्यासारखे! देठ वाळत आलाय, वाजवलं की टणक वाजतं. मी विळा घेऊन निघाले तर यांनी अडवलं.

"थांब. प्रणालीले येऊ दे पुन्याहून. आनखी कोनी येत असन त येऊ दे. मंग काप."

"काहून?"

"एकाच भिंतीवर बी ठेवलं होतं ना तू. मी एक, चूल एक, खतम झालं असतं. यंदा घरोघरच्या भिंतीवर लाव."

काल चुन्याची वाटी घेऊन भिंतीशी बसले होते. गोवऱ्यांच्या रांगेत मधली जागा मोकळी ठेवून तिच्याभोवती पांढरं कडं काढलंय. वळचणीखाली नाही, ऐन तासात. म्हणे, आता तिथल्या गोवरीला चुलीत घालायची माझी हिंमत होणार नाही.

तर बाई, ते कडं रिकामं आहे. यंदाची गोवरी तू थापायची, तुझी पाच बोटं तिच्यावर उमटली पाहिजेत. तुझ्या फ्लॅटात भिंतीला शेण मारता येणार नाही, हे मलाही कळतं. तुझं बी मी राखेत घोळून डब्यात देईन. फळ फार दिवस वेलावर राहत नसतं, आणि यांना तर दम मुळीच नाही, दिवसातून दहादा देठ बघून येतात. लवकर येजो. मेडशीला उतरलीस की फोन कर. हे घ्यायला येतील, आणि फोन कानालाच धरलेला असेल, त्यावरूनच ओळख.