रेडिएटर बुडेल एवढं पाणी

त्या दुष्काळात उदगीरला नव्या जिल्ह्यासाठी मोर्चा निघणार होता. सगळ्यांत पुढे एका पुढाऱ्याची जुनी, इंजिनची ताकद वाढवून घेतलेली स्पोर्ट्स कार असणार होती. बातमीसाठी मी रेडिएटरवाल्याकडे गेलो, तेव्हा तो तिच्यासाठी ट्रकचा जुना रेडिएटर कापून जोडत होता.

“एवढा मोठा कशाला?” मी विचारलं.

“पळवायची असती तर हाय तोच पुरला असता, साहेब. पळताना वारं लागतंय, इंजिन थंड ऱ्हातंय. हिला माणसाच्या चालीनं न्यायची हाय.”

गळती तपासायला रेडिएटर हौदात बुडवून त्यात हवा भरतात. हौद कोरडा होता, म्हणून पुढाऱ्याने टँकर पाठवून तो जेमतेम भरला. मागोमाग गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. त्यांत रेडिएटरवाल्याची बायकोही होती.

“तुमचा जिल्हा व्हईल तवा व्हईल, आधी घागरी भरू द्या,” ती म्हणाली.

“रेडिएटर बुडायला पायजे ना,” असं म्हणत त्याने तो हौदात सोडला. पाणी तांबूस, तेलकट झालं. बाया रिकाम्या परतल्या.

मोर्चात रेडिएटरवाला गाडीशेजारी चालत होता. लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात बॉनेटला लावत होता.

“थंडगार हाय,” मला पाहून तो म्हणाला.

मोर्चामागे त्याच्या गल्लीचा टँकर अडकून उभा होता.