नाक आधी, नखरा नंतर

दौलतकाका कुत्र्याच्या मालकाला रामराम करण्याआधी कुत्र्याच्या नाकाला कान लावायचे. समोर सरदार असो की फौजदार, हे आधी उकिडवे बसणार, डोळे मिटणार आणि श्वास ऐकणार. आवाज आला नाही तर म्हणायचे, “झकास!” घरघर ऐकू आली तर मालकाकडे असे बघायचे, जणू त्यानेच त्या मुक्या जीवाचा गळा दाबून धरलाय. “नाक आधी, नखरा नंतर,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

देवासला संस्थान होतं तोवर काका शिकारखान्यातली कुत्री सांभाळत. संस्थान विलीन झालं, शिकारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा भय्यासाहेब नावाच्या एका सरदारांनी त्यांना आपल्या बंगल्यावर ठेवून घेतलं. मी तिथे रोज तासभर जायचो तो इंग्रजी वाचून दाखवायला. माझे वडील फराशखान्यात तंबू शिवत. आमच्या घराण्यात सही करू शकणारे ते पहिले आणि बी.ए. झालेला मी पहिला. हे मी तेव्हा कुणी न विचारताही सांगत असे. आजही सांगतो.

महूच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परतताना भय्यासाहेबांना बुलडॉगची जोडी देऊन गेला होता, आणि वर कुत्र्यांच्या पैदाशीचं एक जाडजूड पुस्तक. मादी पुढे वारली. उरला सुलतान आणि त्याची मुलगी राणी. सुलतानचं तोंड धावत येऊन भिंतीवर आपटल्यासारखं चपटं, आणि भय्यासाहेबांना त्याचंच कौतुक. एकदा त्यांनी हौसेने त्याला देवीच्या टेकडीवर न्यायला सांगितलं. विसाव्या पायरीवर सुलतानने बसकण मारली. जीभ निळी पडली. काका त्याला खांद्यावर घेऊन उतरले.

खाली हलवाई ओरडला, “काका, तुम्ही कुत्र्याला फिरवताय की कुत्रा तुम्हाला?”

“अरे भिया, ह्याच्या खानदानात पायी चालायची रीत नाही. पालखी लागते!”

पुढे इंदूरला कुत्र्यांचं प्रदर्शन भरणार असल्याची बातमी आली आणि भय्यासाहेबांना आणखी चपट्या नाकाची पिल्लं हवीशी झाली. मी पुस्तकातून वाचून सांगितलं: रक्त शुद्ध राखायचं तर बापाचा मुलीशी जोड लावावा. भय्यासाहेब खूश. काकांनी मात्र मला अंगणात गाठलं.

“बी.ए., परवा तुझी उज्जैनची सोयरीक कशानं मोडली रे?”

“दोघांचं देवक एकच निघालं.”

“म्हणजे सात पिढ्यांमागचं नातं असेल-नसेल, तरी तुझं लग्न मोडलं. आणि इथं तर सख्खा बाप!”

“काका, कुत्र्यांना कसलं देवक? हे सायन्स आहे.”

“असेल बाबा. आम्ही काय, अंगूठाछाप,” म्हणून ते राणीचे कान पुसायला गेले. मी जिंकल्याच्या ऐटीत घरी गेलो.

चैत्रातल्या एका दुपारी राणी अडली. पिल्लांची डोकी मोठी, तिची कंबर एवढीशी. काका हाताला तिळाचं तेल लावून दोन तास तिच्यापाशी बसले होते. मी ओल्या पंख्याने वारा घालत होतो. “बाई माझी, अजून एकदा जोर कर,” असं ते तिला लेकीसारखं समजावत होते. तीन पिल्लं मेलेली निघाली. चौथं जिवंत होतं, पण त्याची टाळू फाटलेली. पाजलेलं दूध नाकातून बाहेर. ते दोन दिवस जगलं. राणी कशीबशी वाचली.

काका रागावले नाहीत. त्या दुपारी हात धुता धुता एवढंच विचारलं होतं, “तुझ्या पोथीत ह्याचं एखादं पान नव्हतं का रे?”

पान होतं. त्यातले तीन शब्द मला येत नव्हते. बी.ए. झालेल्या माणसाने अडायचं कसं, म्हणून मी ते पानच गाळलं होतं.

आठवड्याने भय्यासाहेब म्हणाले, “पुढच्या खेपेला बघू. जोड तोच.” दुसऱ्या खेपेला राणी वाचणार नाही, हे मला त्या दुपारीच कळलं होतं. मी पुस्तक उघडलं आणि ते पान मोठ्याने वाचलं. शब्द अडला की थांबलो, कोश उघडला, अर्थ सांगितला. मोठी डोकी, अरुंद कंबर, कोंडणारा श्वास, एकाच रक्ताची दुबळी पिल्लं... सगळं तिथे छापलेलं होतं.

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. “हे आधी का नाही वाचलंस?”

“येत नव्हतं म्हणून.”

“बी.ए. ना तू?”

“बी.ए. आहे, म्हणूनच सांगायची लाज वाटली.”

दारातून काका म्हणाले, “सरकार, पोरगा आज पास झाला!”

भय्यासाहेब आधी हसले, मग त्यांनी पुस्तक मिटलं. राणीचा जोड पुन्हा लावला नाही. सुलतानसाठी मात्र काकांनी धरमपुरीच्या घाटावरची एक तांबडी, लांब नाकाची गावठी कुत्री शोधून आणली. “देवक वेगळं, गाव वेगळं, नाक हातभर. घ्या सोयरीक जमवून.” भय्यासाहेब म्हणाले, “असल्या लग्नाला मी येणार नाही.” पिल्लं झाल्यावर मात्र दिवसातून तीनदा डोकवायचे. कुठल्याही प्रदर्शनात कुणी उभी केली नसती असली ती पिल्लं टेकडीच्या पायऱ्या एका दमात चढायची. त्यातली एक काकांनी माझ्या ओंजळीत ठेवली. “हिचं नाव पोथी. आता एकही पान गाळू नकोस.”

काका शेवटी दम्याने अंथरुणाला खिळले. एका सकाळी मी पोथीला घेऊन भेटायला गेलो. मला बघून ते धापा टाकत हसले. “आता माझंच नाक वाजतंय, भिया. मलाही कुणी प्रदर्शनात घेईल.” त्यांच्यात उठून बसायची ताकद नव्हती. पोथी आपणच खाटेला पुढचे पाय लावून उभी राहिली आणि तिने आपलं लांब नाक त्यांच्या कानाशी नेलं. काकांनी सवयीने डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले.

मग म्हणाले, “झकास!”