नजीब भंडारींचे दोन वाटाडे

नावड्याच्या नजीब दळवींनी मालवाहू बोटींवर सतरा वर्षं काढली, त्यातली नऊ स्वयंपाकघरात. बोटीवरच्या स्वयंपाक्याला खलाशी भंडारी म्हणतात. आता गावातही त्यांचं तेच नाव आहे. चौदा देशांची बंदरं त्यांनी पाहिली, पण परक्या मुलखात वाटाड्या कसा निवडावा हे त्यांना एकाच बंदराने शिकवलं. तळोज्या-नावड्यातून नव्याने भरती होणारे खलाशी तेवढ्यासाठी त्यांच्या ओटीवर येऊन बसतात.

ते बंदर लास पाल्मास, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरच्या एका स्पॅनिश बेटावरचं. १९५८च्या फेब्रुवारीत त्यांची बोट तेल भरायला सकाळी आठला तिथं लागली. संध्याकाळी सहाला ती दक्षिण अमेरिकेकडे सुटणार होती. बोटीवर कोकणातले बावीस मुसलमान खलाशी होते. हलाल मटण संपल्याला अकरा दिवस झाले होते आणि डाळभातावरून कुरबुर सुरू झाली होती. खलाशांचे नाईक सादिक सारंग यांनी नजीबभाईंना बजावलं, की दोन जिवंत बकऱ्या आण आणि सहाच्या आत परत ये. जो परत येत नाही त्याच्या नोकरीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पुस्तकात पळून गेल्याचा शेरा पडतो. तसल्या पुस्तकावर पुन्हा कोणी कामाला घेत नाही. भंडारी म्हणून नजीबभाईंची ही पहिलीच सफर होती.

बंदराच्या दरवाज्यापाशी बिल्ला लावलेला, पांढऱ्या टोपीचा एक वाटाड्या उभा होता. नजीबभाईंनी त्याला ठरवलं. त्याला इंग्रजीचे दहा शब्द येत होते, यांना पंधरा, आणि दोघांच्याही शब्दांत बकरी नव्हती. नजीबभाईंनी कपाळावर दोन बोटं उभी धरली आणि 'बें' करून दाखवलं. वाटाड्याने मान डोलावली. त्याने त्यांना आधी मोठं चर्च दाखवलं, मग कोरीव लाकडी सज्जांची एक गल्ली आणि शेवटी एक दुकान, ज्यात बैलांच्या झुंजीची रंगीत चित्रं टांगली होती.

आजही ते त्या माणसाला दोष देत नाहीत. "त्याच्याकडं येनारे लोक बगायला येतात," ते म्हणतात. "मी आनायला गेलो होतो."

अकरा वाजता त्यांनी त्याला सलाम करून वाटेला लावलं आणि एकटे निघाले. गावाच्या कडेला बकऱ्यांच्या ताज्या लेंड्या दिसल्या. त्यांचा माग काढत ते एक टेकडी ओलांडून पलीकडच्या कोरड्या ओढ्यात उतरले. तिथं धनगराचं घर होतं. घासाघीस बोटांवर झाली. दुपारी अडीचला एक बोकड आणि एक दुभती बकरी दोरीला बांधून नजीबभाई परत फिरले.

चूक इथं झाली. नावड्याच्या माणसाच्या अंगात दिशा मुरलेल्या असतात: उगवतीला माथेरानचा डोंगर, मावळतीला खाडी. समुद्राकडं जायचं म्हणजे दुपारचं ऊन तोंडावर घ्यायचं, याचा तो वेगळा विचार करत नाही. लास पाल्मासचा समुद्र उगवतीला आहे. बोटीवर नजीबभाईंचे दिवस चुलीपाशी जात, नकाशापाशी नव्हे. येताना एक टेकडी ओलांडली होती, म्हणून जातानाही त्यांनी ऊन तोंडावर घेत एक ओलांडली. ती दुसरीच होती. माथ्यावरून समुद्र दिसायला हवा होता. दिसले ते आणखी डोंगर.

साडेतीन वाजले होते. ते घाबरले नाहीत असं ते सांगतात. त्यांची बायको जैनबबी आतून म्हणतात, "खोटं. घरी येऊन आठ दिस झोपेत बकऱ्या हाकत होते."

तेवढ्यात समोरून एक बाई आली. काळा पदर डोक्यावरून घेतलेला, त्यावर रिकामी टोपली, आणि अंगाला मासळीचा वास. सारसोळ्याच्या कोळणी सकाळी भरली पाटी घेऊन नावड्यात येतात आणि माल संपला की दुपारी घरी परततात. नजीबभाईंनी हिशेब केला, की रिकामी टोपली घरी निघाली आहे आणि मासळीवालीचं घर पाण्यापासून लांब नसतं. बाई मात्र ते चालले होते त्याच्या नेमक्या उलट दिशेला निघाली होती. स्वतःच्या दिशेवरचा भरवसा त्यांनी त्या क्षणी सोडला.

त्यांनी बोटीच्या भोंग्याचा आवाज काढला आणि हात जोडले. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग बकरीच्या कासेकडे. टोपली खाली ठेवली, कंबरेचं भांडं काढलं, रस्त्यातच बकरी पिळली आणि दूध उभ्याने प्यायली. वाटाड्याचा मेहनताना ठरला आणि फिटलाही. ती पुढे, मागे नजीबभाई. बोकड अडला की बाई मागं येऊन त्याच्या पुठ्ठ्यावर टोपली हाणायची.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ते धक्क्यावर पोचले. सादिक सारंग शिडीपाशीच उभे होते.

"भंडारी," ते म्हणाले, "तू बकऱ्या आनल्यास का बकऱ्यांनी तुला आनला?"

"कोळनीनं आनला," नजीबभाई म्हणाले आणि बोकड शिडीवर चढवू लागले.

बोकड दुसऱ्या दिवशी कापला. बकरी बोटीवरच राहिली, कारण सारंगांना तिच्या दुधाचा चहा आवडला. नजीबभाईंच्या पुस्तकात त्या सफरीचा शेरा चांगला पडला.

पुढच्या सहा वर्षांत ते स्पॅनिश बोलणाऱ्या आणखी चार बंदरांत उतरले. बिल्लेवाल्यांना सलाम करून ते सरळ मासळीबाजारात जात आणि जिची टोपली संपत आली असेल अशा बाईपाशी थांबत. त्यांतल्या चिलीमधल्या एका बंदराचा समुद्र नावड्यासारखाच मावळतीला आहे. तिथं त्यांचा अंदाज बिनचूक ठरला असता. तिथंही त्यांनी आधी कोळीण गाठली.